कमांड बदलली, मॅन्युअल तेच!

पुस्तकात छापली आहे तश्शी कमांड टाइप करावी, एंटर दाबावं आणि 'अशी कमांड सापडली नाही' असं उत्तर यावं, हा अनुभव तुमच्यापैकी बहुतेकांना आला असेल. मग आपण स्पेलिंग तपासतो, शेजारच्याला विचारतो आणि तासाभराने कळतं की आपलं काहीच चुकलं नव्हतं. कमांड बदलली होती, मॅन्युअल बदलायचं राहून गेलं होतं.

डॉकरचंच बघा. पूर्वी 'डॉकर-कंपोज' ही मध्ये जोडरेघ असलेली वेगळी कमांड होती. दुसऱ्या आवृत्तीत ती डॉकरचीच उपकमांड झाली आणि जोडरेघेच्या जागी स्पेस आली. पहिल्या आवृत्तीला सुधारणा मिळणं जुलै २०२३ पासून बंद झालं. तरीही जोडरेघवाली उदाहरणं अजून कितीतरी ठिकाणी तशीच आहेत.

माऊसने चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये बटणाची जागा बदलली तर निदान डोळ्यांना दिसते. कमांड लाइनवर समोर असतो फक्त लुकलुकणारा कर्सर. कमांडचं नाव, तिचे पर्याय, त्यांचा क्रम हे सगळं आधी कुठेतरी वाचावं लागतं. म्हणून इथे डॉक्युमेंटेशन हा कमांडचाच भाग मानायला हवा.

युनिक्स बनवणाऱ्यांना हे सुरुवातीपासून ठाऊक होतं. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्या नावाने निघालेल्या युनिक्स मॅन्युअलच्या पहिल्या आवृत्तीवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. त्यात कमांडचं नाव, ती लिहायची पद्धत आणि वर्णन तर होतंच, शिवाय आणखी दोन रकाने होते. एक 'बग्ज', म्हणजे या कमांडमध्ये काय बिघडलेलं आहे ते. दुसरा 'ओनर', म्हणजे ही कमांड कोणाच्या जबाबदारीची ते. पान जुनं झालं तर कोणाला पकडायचं हे पानावरच लिहिलेलं! आपल्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये हे दोन रकाने कधी दिसतात का?

आता प्रत्यक्षात काय करायचं ते पाहू.

१) डॉक्युमेंटेशन कोडशेजारीच ठेवा. कोड एका फोल्डरमध्ये आणि माहिती कोणाच्या तरी पेन ड्राइव्हवरच्या वर्ड फाइलमध्ये, असं असेल तर दोघांची ताटातूट ठरलेलीच. गिटच्या मॅन्युअलची पानं गिटच्या कोडसोबत एकाच रिपॉझिटरीत असतात. त्यामुळे पर्याय बदलणारा माणूस त्याच कमिटमध्ये पानही बदलू शकतो. तुमच्या ग्रुपमध्येही नियम करा: पान बदललं नसेल तर तो बदल मर्ज करायचा नाही.

२) एकच गोष्ट दोनदा लिहू नका. पायथॉनच्या 'आर्गपार्स'मध्ये पर्याय आणि त्याचं एका ओळीचं वर्णन एकाच जागी लिहितात, हेल्पचा मजकूर त्यावरून आपोआप तयार होतो. हेल्पच्या मजकुरापासून मॅन्युअलचं पान बनवून देणारा 'हेल्प-टू-मॅन' नावाचा ग्नूचा प्रोग्रॅमही आहे. हाताने नक्कल करायची वेळ आली नाही, तर नक्कल करताना चुकायचा प्रश्नच नाही.

३) तपासायचं काम मशीनला द्या. 'डॉकटेस्ट' ही पायथॉनची सोय २००१ पासून आहे. ती डॉक्युमेंटेशनमधली उदाहरणं खरोखर चालवून बघते आणि उत्तर जुळलं नाही तर टेस्ट नापास करते. गिटमध्ये २०२२ साली एक टेस्ट घातली गेली. कमांडच्या छोट्या हेल्पमधली वापराची ओळ आणि मॅन्युअलमधली ओळ एकच आहे ना, हे ती पाहते. ज्या कमांड्सचं जुळत नव्हतं त्यांची यादीही टेस्टसोबतच उघडपणे ठेवली गेली. इतक्या मोठ्या प्रोजेक्टलाही एका फटक्यात सगळं जुळवता आलं नाही, मग आपण लाजायचं कशाला?

एवढं केलं की संपलं, असं मात्र समजू नका. २०१४ साली गिटची २.० आवृत्ती आली. त्याआधी नुसतं 'गिट पुश' म्हटलं की दोन्हीकडे एकाच नावाच्या असलेल्या सगळ्या ब्रँचेस एकदम पुढे जात. २.० पासून फक्त चालू ब्रँच जाऊ लागली. कमांडचं नाव तेच, लिहायची पद्धत तीच, अर्थ बदलला. पर्यायांची यादी जुळवणाऱ्या टेस्टला यात काहीच वावगं दिसणार नाही. काय बदललं, का बदललं आणि जुन्या सवयीने वापरलं तर काय होईल, हे माणसालाच लिहावं लागतं.

आणि हे प्रकरण फक्त मोठ्या कंपन्यांचं नाही. समजा, तुमच्या ग्रुपने हजेरीची नोंद ठेवणारी एक कमांड बनवली. तिचा 'पुसा' हा पर्याय आधी विचारायचा, 'नक्की पुसू का?' शेवटच्या आठवड्यात डेमोच्या घाईत कोणीतरी तो प्रश्न काढून टाकला. रिपोर्टमध्ये मात्र 'आधी विचारले जाते' हे वाक्य तसंच राहिलं. पुढच्या वर्षी ज्युनियर मंडळी रिपोर्टवर विश्वास ठेवून तो पर्याय चालवतील आणि वर्गाची अख्ख्या सेमिस्टरची हजेरी एका क्षणात जाईल. रिपोर्टच नसता तर त्यांनी भीत भीत आधी कोड तरी वाचला असता. जुन्या माहितीचा धोका हाच, की ती खरी समजून माणूस बिनधास्त पुढे जातो.

तेव्हा सबमिशनच्या आदल्या दिवशी एक काम जरूर करा. प्रोजेक्टमध्ये नसलेल्या एखाद्या मित्राला रिकाम्या मशीनवर बसवा, हातात फक्त तुमचं डॉक्युमेंटेशन द्या आणि तुम्ही गप्प बसा. तो जिथे अडेल, ती ओळ लगेच दुरुस्त करा. मग शेवटी दोन ओळी लिहा: यात अजून काय बिघडलेलं आहे, आणि विचारायचं कोणाला.