यंत्राच्या कार्डाला शॉर्टपासून वाचवा

कापडाचा धंदा करणाऱ्याने विजेच्या कार्डावर लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण नुकसान माणसाला सबक देते. पुनावळ्यातील आमच्या शेडमध्ये कापड तपासून गुंडाळण्याचे यंत्र आहे. त्याला नवा सेन्सर जोडताना २४ व्होल्टच्या वायरची सुटी तार शेजारच्या टर्मिनलला टेकली आणि कार्ड कायमचे गेले. चार दिवस यंत्र बंद राहिले, माल वेळेवर गेला नाही आणि गिऱ्हाइकाला दिलेला शब्द खोटा पडला. चाकण-भोसरीपासून भिवंडी-मालेगावपर्यंत ज्यांच्याकडे ड्राइव्हवर चालणारी मोटर आहे, त्या व्यापारी व कारागीर बांधवांनी ही गोष्ट समजून घ्यावी.

प्रथम हे कार्ड काय करते ते पाहू. यंत्राचा मेंदू, म्हणजे पीएलसी, आकड्यांत हिशेब करतो. मोटरच्या ड्राइव्हला मात्र वेग ० ते १० व्होल्टच्या दाबाने सांगावा लागतो. आकड्याचे व्होल्टमध्ये रूपांतर करणाऱ्या भागाला डिजिटल-टू-अॅनालॉग कन्व्हर्टर म्हणतात. तो फक्त इशारा देतो, ताकद देत नाही. ड्राइव्हच्या इनपुटचा रोध १० किलोओहम असेल तर १० व्होल्टला अवघा १ मिलिअँपिअर प्रवाह लागतो.

धोका दोन प्रकारचा असतो. पहिला, आउटपुटची वायर शून्याच्या वायरला टेकणे. कन्व्हर्टरच्या पुढे बहुधा ऑप-अँप चिप असते. ७४१ या जुन्या, प्रसिद्ध चिपमध्ये प्रवाह सुमारे २५ मिलिअँपिअरवर रोखला जातो. पण १५ व्होल्टच्या सप्लायवर त्या वेळी सुमारे ०.३७ वॅट उष्णता चिपमध्येच साठते. दुसरा प्रकार अधिक घातक, म्हणजे बाहेरचे २४ व्होल्ट उलट आत शिरणे. आमचे कार्ड असेच गेले. आतली मर्यादा येथे भरवशाची नाही.

उपाय स्वस्त आहे. चिप आणि टर्मिनल यांच्यामध्ये ४७० ओहम, १ वॅटचा रेझिस्टर घालावा. चिपच्या बाजूला, आउटपुट ते शून्य, १२ व्होल्ट १ वॅटचा झेनर डायोड लावावा. आता हिशेब करू. वायर शून्याला टेकली तर १० भागिले ४७०, म्हणजे सुमारे २१ मिलिअँपिअरच वाहतील आणि बरीचशी उष्णता चिपऐवजी रेझिस्टर घेईल. २४ व्होल्ट आले तर झेनर १२ व्होल्टच्या आसपास दाब अडवील. उरलेले १२ व्होल्ट रेझिस्टरवर पडतील व सुमारे २६ मिलिअँपिअर वाहतील. दोन्ही भागांत सुमारे ०.३ वॅट उष्णता, म्हणजे १ वॅटचे भाग सहज टिकतात.

याची एक किंमत आहे. १० किलोओहमच्या ड्राइव्हला १० ऐवजी सुमारे ९.५५ व्होल्ट मिळतील, वेग साडेचार टक्के कमी दिसेल. ड्राइव्हच्या सेटिंगमध्ये ही तूट भरून काढावी.

केवळ फ्यूजवर विसंबू नये. फ्यूज वितळायला वेळ लागतो, तोवर चिप जळून जाते. तसेच २३० व्होल्ट शिरले तर वरचा उपायही तोकडा पडेल. म्हणून सिग्नलची वायर मेन्सच्या वायरपासून वेगळ्या डक्टमधून न्यावी, सुट्या तारांना लग लावावेत आणि जोडणी करताना सप्लाय बंद ठेवावा. जोखीम मोठी असेल तर सिग्नल आयसोलेटर बसवावा.

४ ते २० मिलिअँपिअरचे आउटपुट मात्र वेगळे असते. तेथे प्रवाह आधीच बांधलेला असल्याने शून्याला शॉर्ट झाल्यास सहसा बिघाड होत नाही, पण बाहेरच्या दाबापासून त्यालाही जपावे लागते.

नवे कार्ड घेताना दुकानदाराला दोन प्रश्न जरूर विचारावेत: आउटपुट शॉर्ट किती वेळ सहन करते? बाहेरून २४ व्होल्ट आले तर टिकते का? उत्तर तोंडी न घेता माहितीपत्रकात पाहावे. काही रुपयांच्या दोन भागांनी आमचे चार दिवस वाचले असते. तुमचे तरी वाचावेत.