मेथीबीज व जनुकीय क्रमवाचन

२०११ च्या मे महिन्यात उत्तर जर्मनीत रक्तातिसाराची साथ उद्भवली. रुग्णसंख्या ३,८०० च्या वर गेली. पन्नासहून अधिक रुग्ण दगावले. प्रथम स्पेनच्या काकडीवर ठपका आला, परंतु तिच्यावरील जंतू साथीचा नव्हता. जूनच्या आरंभी ई. कोलाय ओ१०४:एच४ या जंतूचा जनुकीय क्रम काही दिवसांतच वाचला गेला. आतड्यास चिकटून राहणाऱ्या जंतूने शिगा विषाचे जनुक मिळविल्याचे त्यातून उघड झाले. उगम मात्र कळला तो उपाहारगृहांच्या खरेदी-नोंदींवरून. इजिप्तहून आयात झालेल्या मेथीबीजांचे ते मोड होते. फ्रान्समध्ये बोर्दोनजीक तोच जंतू निघाला. तेथील बीजही त्याच लॉटचे. (बीजांत जंतू प्रत्यक्ष सापडलाच नाही!)

क्रमवाचनाने दोन ठिकाणचे रुग्ण एकाच साथीतील आहेत की नाहीत हे ठरते. निदानपरिवर्जनास मात्र लॉट क्रमांकच लागतो, असे आमचे मत आहे. क्वाथात द्रव्य उकळते, चूर्णास तो अग्निसंस्कार नसतो. म्हणून फार्मसीचालकांनी चूर्णद्रव्यांचा पुरवठादार, लॉट व आवक-दिनांक आधी नोंदवावा. रक्तातिसाराचे रुग्ण एकाच वस्तीतून येऊ लागल्यास वैद्यांनी आरोग्याधिकाऱ्यांस कळवावे व मलाचा नमुना चिकित्सेपूर्वीच तपासणीस पाठवावा.