छप्पर नसलेली गाडी आणि बारावीनंतरचा प्रश्न

"वहीच्या मागच्या पानावर सारख्या गाड्या काढत बसतो, याचं पुढे काय करायचं?" दहावी-बारावीच्या निकालानंतर पालक हे विचारतात आणि पाठोपाठ दुसरा प्रश्न येतोच : डिझाइनला घालायचं, की आधी इंजिनिअरिंग करू द्यायचं? या दोन गोष्टी वेगळ्या धरल्या की घरात वाद सुरू होतो. म्हणून मी आधी एका गाडीची गोष्ट सांगतो.

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री विद्यापीठात १९९६ मध्ये निकी स्मार्ट या विद्यार्थ्याने हलक्या स्पोर्ट्स कारचा प्रकल्प केला. मार्गदर्शक होते तिथले अध्यापक सायमन सॉंडर्स. गाडीला छप्पर नाही, दारं नाहीत, पत्र्याची बॉडीही जवळजवळ नाही. पोलादी नळ्यांचा सांगाडा बाहेरून दिसतो आणि तोच गाडीचं रूप ठरतो. पुढे सॉंडर्स यांनी सॉमरसेट परगण्यात एरियल मोटर कंपनी उभी केली आणि हीच गाडी 'ॲटम' या नावाने विक्रीला आली. सुरुवातीच्या ॲटमचं वजन सुमारे ५०० किलो होतं. आपल्याकडची साधी हॅचबॅक ८००-९०० किलो भरते. स्मार्ट नंतर जनरल मोटर्सच्या कॅलिफोर्नियातल्या स्टुडिओत गेले. २०११ मध्ये दाखवलेल्या 'कॅडिलॅक सिएल' या उघड्या कॉन्सेप्ट गाडीच्या डिझाइनमध्ये त्यांचा मोठा वाटा होता.

छप्पर काढलं की गाडी हलकी होणार, असं कुणालाही वाटेल. पण आधी ती कमकुवत होते. बुटांच्या खोक्याचं झाकण काढा आणि दोन टोकांना धरून पिळून पाहा. खड्ड्यात एकच चाक गेलं तरी सगळ्या गाडीला असाच पीळ बसतो आणि तो पेलण्यात छपराचा मोठा हात असतो. पीळ पेलला गेला नाही, तर सस्पेन्शन कितीही भारी बसवा, वळणावर गाडी नेमकी वागत नाही. म्हणूनच नेहमीच्या गाडीचं छप्पर काढून उघडी आवृत्ती करतात तेव्हा तळाला जादा पोलाद घालावं लागतं आणि बहुतेकदा ती मूळ गाडीपेक्षा जड होते. ॲटममध्ये हा भार चालकाच्या दोन्ही बाजूंनी जाणाऱ्या नळ्यांच्या जाळीवर असतो. वरची नळी जितकी उंच, तितका सांगाडा ताठ. पण मग आत बसायला पाय कुठून टाकायचा? नळीला डोळ्याला बरा दिसणारा बाक दिला, तर तिथे ती सरळ नळीपेक्षा लवकर वाकते, म्हणजे जाड करावी लागते, म्हणजे वजन वाढतं. याच्या उलटही घडतं. थोडं वजन उतरलं की ब्रेक लहान चालतात, स्प्रिंग हलक्या चालतात, लहान इंजिन पुरतं आणि वजन आणखी उतरतं. शिवाय झाकायला पत्रा नसल्याने वेल्डिंगची शिवण आणि बोल्टची डोकीसुद्धा लोकांच्या नजरेसमोर असतात.

अशा गाडीवर चित्रकार आणि इंजिनिअर वेगवेगळ्या खोल्यांत बसून काम करूच शकत नाहीत.

आपल्याकडे या दोन्ही बाजू शिकलेल्या रामकृपा अनंतन यांचं उदाहरण आहे. बिट्स पिलानीतून मेकॅनिकल इंजिनिअरिंग, नंतर आयआयटी मुंबईच्या आयडीसीमधून डिझाइनचं पदव्युत्तर शिक्षण, मग महिंद्रा. एक्सयूव्ही५०० ही त्यांच्या नेतृत्वाखाली घडली. ज्यांना गणिताचा कंटाळा नाही, त्यांच्यासाठी हा मार्ग मला सर्वांत भक्कम वाटतो : आधी बी.ई., मग सीईईडी परीक्षा देऊन एम.डेस. ज्यांचं मन बारावीलाच डिझाइनवर पक्कं आहे, त्यांनी यूसीईईडी किंवा एनआयडीची प्रवेश परीक्षा द्यावी. यूसीईईडीला कोणत्याही शाखेची बारावी चालते.

नोकरीबद्दल स्पष्ट बोलायला हवं. गाडीचं बाह्यरूप रेखाटणाऱ्यांच्या जागा फार थोड्या आहेत आणि प्रत्येक विद्यार्थ्याला नेमकी तीच हवी असते. अंतर्भागाचं डिझाइन, रंग आणि साहित्याची निवड, संगणकावर पृष्ठभाग घडवणं, बॉडीच्या सांगाड्याची ताकद तपासणं या कामांना माणसं जास्त लागतात. पुणे परिसरात वाहन कंपन्या आणि त्यांना अभियांत्रिकी सेवा देणाऱ्या संस्था असल्याने ती कामं घराजवळही मिळू शकतात. याला दुय्यम समजू नका. ॲटमची प्रत्येक नळी याच कामातून ठरली आहे.

इंजिनिअरिंगला प्रवेश घेतलाच, तर पहिल्या वर्षापासून कॉलेजच्या फॉर्म्युला स्टुडंट संघात शिरा. फॉर्म्युला भारतसारख्या स्पर्धेत विद्यार्थी स्वतः एक आसनी उघडी गाडी बांधतात. तिथे नुसता वेग मोजला जात नाही. हा भाग असाच का केला, त्याला खर्च किती आला, हे परीक्षकांना पटवून द्यावं लागतं. पालकांनो, "अभ्यास सोडून गॅरेजमध्ये रात्र काढतो" म्हणून मुलांना तिथून ओढून आणू नका. मुलाखतीत त्या रात्रींबद्दलच विचारतात.

खासगी डिझाइन कॉलेजची फी भरण्याआधी शेवटच्या वर्षाच्या मुलांचं काम पाहा आणि वर्कशॉप उघडून दाखवायला सांगा. यंत्रांवर धूळ असेल, तर माहितीपुस्तिका कितीही गुळगुळीत असो, तिथून निघा. मुलांनी शाळेत असतानाच चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा द्याव्यात, म्हणजे हात वळतो. घरातली जुनी सायकल सुटी करावी, प्रत्येक भाग काट्यावर तोलावा आणि कोणता भाग काढता येईल, काढला तर त्याचं काम कोण करेल, हे वहीत लिहावं. पोर्टफोलिओत ती खाडाखोड केलेली पानंही ठेवा. परीक्षकाला विचार कसा पुढे गेला ते दिसतं. यूसीईईडी आणि सीईईडीची नोंदणी साधारण ऑक्टोबरमध्ये सुरू होते आणि परीक्षा जानेवारीत असते, त्यामुळे सायकल दिवाळीच्या सुट्टीवर न ढकलता मे महिन्यातच खोलायला घ्या.