ट्रॅक्टरच्या ट्रेलरसाठी योग्य हुकाची निवड

दिवाळी सरत आली की सोलापूर जिल्ह्यातील रस्ते उसाच्या वाहनांनी भरू लागतात. भीमा नदीवरील उजनी धरणाचे पाणी कालव्यांतून खेळू लागल्यापासून पंढरपूर, माढा, मोहोळ या भागांत उसाची लागवड वाढली व तिच्या पाठोपाठ साखर कारखानेही वाढले. पूर्वी बैलगाडीने जाणारा ऊस आता बहुतांशी ट्रॅक्टर-ट्रेलरने जातो. हंगाम संपला की तोच ट्रॅक्टर मुरूम, खडी, विटा वाहतो किंवा टंचाईच्या गावी पाण्याची टाकी नेतो.

ट्रॅक्टर घेताना शेतकरी इंजिनाची शक्ती पाहतो, ट्रेलर घेताना टायर व आस पाहतो. परंतु या दोहोंना जोडणारा हुक मात्र पुष्कळदा हाताशी येईल तो लावला जातो. कित्येक टन ओझे एका हुकावर आणि मनगटाहून बारीक पिनेवर अवलंबून असते. ती जोडणी तुटली किंवा सुटली, तर मागून येणाऱ्याचा जीव जातो. चुकीच्या जागी असली, तर चालकाचा. म्हणून हुकाची निवड ही किरकोळ बाब समजू नये.

बैलगाडीचा धडा

बैलगाडीत ओझे मागे जास्त झाले की गाडी उलाळ होते व जू वर उचलले जाते. ओझे पुढे जास्त झाले की बैलांच्या मानेवर भार येतो. अनुभवी गाडीवान थोडासाच भार जुवावर राहील अशा बेताने गाडी भरतो. ट्रेलरचा नियमही हाच आहे. फरक एवढाच, की बैल थांबून आपली अडचण दाखवितो. ट्रॅक्टर दाखवीत नाही.

ट्रेलरचे दोन प्रकार

हुक निवडण्यापूर्वी ट्रेलरचा भार कोठे पडतो हे पाहावे.

१. दोन चाकी ट्रेलर : यात एकच आस असते. ओझ्याचा काही हिस्सा दांडीवाटे ट्रॅक्टरच्या हुकावर पडतो. म्हणजे हुकास ओढ व उभा भार अशी दोन्ही कामे करावी लागतात.

२. चार चाकी ट्रेलर : यात पुढील आस फिरत्या चक्रावर बसविलेली असते. सर्व ओझे ट्रेलरच्याच चाकांवर राहते व हुकास प्रामुख्याने ओढ सोसावी लागते.

कोणत्या ट्रेलरला कोणता हुक

दोन चाकी ट्रेलरसाठी ट्रॅक्टरच्या मागील सांगाड्यास बोल्टांनी पक्का बसविलेला, दोन कानांचा हुक वापरावा. दांडीचे कडे दोन कानांच्या मध्ये बसते व उभी पिन दोन्ही कानांतून आरपार जाते. दांडी वर उचलली गेली तरी कडे निसटत नाही. हुकास किती उभा भार चालतो, हे उत्पादकाच्या पुस्तिकेत पाहून घ्यावे.

चार चाकी ट्रेलरसाठी ट्रॅक्टरच्या पोटाखालून आलेली ओढपट्टी, म्हणजेच ड्रॉबार, योग्य होय. ती खाली असल्याने ओढही खालून लागते. मात्र दोन चाकी ट्रेलरचा जड उभा भार तिच्यावर टाकू नये. ती जितकी अधिक मागे काढावी तितकी वाकण्याचा संभव अधिक.

नांगर उचलणाऱ्या खालच्या दोन भुजांमध्ये छिद्रांची आडवी पट्टी बसवून तिला भरलेला ट्रेलर जोडण्याची चाल काही ठिकाणी आढळते. ही चाल सोडावी. त्या भुजा औजारे उचलण्यासाठी आहेत. त्या हलतात व हायड्रॉलिकच्या दांड्याबरोबर त्यांची उंची बदलते. वरच्या भुजेच्या जागी तर साखळी किंवा ट्रेलर कधीही जोडू नये. इतक्या उंचावरून ओढ लागली की पुढील चाके उचलली जाऊन ट्रॅक्टर क्षणार्धात चालकाच्या अंगावर उलटू शकतो.

खाचखळग्यांत ट्रेलर एका बाजूस कलतो. तेव्हा दांडीस पीळ बसू नये म्हणून हुक किंवा कडे यांपैकी एकास फिरण्याची सोय असावी.

उंचीचा हिशेब

समजा, ट्रॅक्टरचे वजन २,००० किलो असून त्यापैकी ८०० किलो पुढील चाकांवर आहे. पुढील व मागील आसांत २ मीटर अंतर आहे. ट्रेलरचा ५०० किलो उभा भार मागील आसेच्या ७५ सेंटिमीटर मागे असलेल्या हुकावर पडतो. एवढ्यानेच पुढील चाकांवरील भार सुमारे १८७ किलोने घटतो.

आता ट्रेलर ओढण्यास ६०० किलोची ओढ लागते असे धरू. हुक जमिनीपासून ५० सेंटिमीटर उंच असल्यास पुढील भार आणखी १५० किलोने घटून सुमारे ४६३ किलो उरतो. तोच हुक ९० सेंटिमीटर उंच असल्यास घट २७० किलोची होऊन सुमारे ३४३ किलोच उरतात. सुकाणू नीट चालण्यास ट्रॅक्टरच्या वजनाचा निदान पाचवा हिस्सा, म्हणजे येथे ४०० किलो, पुढे राहावा असा सर्वसाधारण दंडक आहे. पहिली जोडणी त्यात बसते, दुसरी बसत नाही. हा हिशेब सपाट रस्त्याचा झाला. चढावर किंवा क्लच झटक्याने सोडल्यास पुढचा भार आणखी कमी होतो.

तात्पर्य, हुक खाली असावा, मागील आसेच्या शक्य तितका जवळ असावा आणि भरलेल्या ट्रेलरची दांडी जवळजवळ आडवी राहावी.

जोड ट्रेलर, डंपिंग ट्रेलर व टाकी

उसासाठी एकामागे एक दोन ट्रेलर जोडल्यास ट्रॅक्टरच्या हुकावर दोहोंची ओढ येते. म्हणून एका ट्रेलरपुरता हुक दोहोंस पुरेल असे मानू नये. मागील ट्रेलर दोन चाकी नसावा. त्याचा उभा भार पुढच्या ट्रेलरच्या शेपटावर पडतो व पुढचा ट्रेलर उलाळ होतो.

मुरूम-खडीच्या डंपिंग ट्रेलरमध्ये पेटी उचलताना माल मागे सरकतो व दांडी वर ओढली जाते. येथे उघड्या तोंडाचा हुक धोक्याचा होय. बंद जबड्याचा हुक व कुलपाची पिन हवीच. पाण्याची अर्धवट भरलेली टाकी ओढताना पाणी पुढे-मागे उसळून हुकास धक्के देते. अशा कामात सैल पिन लवकर झिजते.

पिन व साखळी

- पिन कठीण पोलादाची व कड्याच्या छिद्रास जुळणारी असावी. सळईचा तुकडा अथवा सापडेल तो बोल्ट घालू नये.
- पिनेस खालून अडसर-पिन लावावी, म्हणजे ती उसळून बाहेर येणार नाही.
- पिनेस बोटाला लागेल अशी खाच पडली किंवा कडे लांबट झाले की ते बदलावे. चीर गेलेला हुक गावात वेल्डिंग करून पुन्हा वापरू नये. तापविल्याने पोलादाचा कठीणपणा बिघडतो.
- भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाइतका ताण सोसणारी साखळी दांडीखालून लावावी. वळणापुरती ढील ठेवावी. ती जमिनीस घासू नये.
- जोडताना ट्रॅक्टर व ट्रेलर यांच्यामध्ये कोणी उभे राहून चालकास मागे येण्याची खूण करू नये. ट्रॅक्टर थांबला, ब्रेक लागला, की मगच पिन घालावी.

कार्यकर्त्यांसाठी सूचना

मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरांच्या चाचण्या होतात व त्यांच्या अहवालांत ड्रॉबारवरील ओढशक्ती दिलेली असते. असे आकडे व उत्पादकाची पुस्तिका यांच्या आधारे गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांस मार्गदर्शन करावे. गळीत हंगामापूर्वी गावातील ट्रॅक्टर एके ठिकाणी बोलावून हुकाची उंची टेपने मोजावी. झिजलेली पिन नव्या पिनेशेजारी ठेवून दाखवावी. दोहोंतील फरक डोळ्यांस दिसला की अधिक सांगावे लागत नाही.

नव्या पिनेस लागणारा खर्च उसाच्या एका खेपेच्या मानाने थोडा आहे. तो वाचविण्यासाठी माणसाचा जीव पणास लावू नये.