मातीविना बाग आणि चिलटांचा बंदोबस्त

गिरगावातील जुन्या चाळींना अंगण क्वचितच. रहिवाशांच्या वाट्याला येते ती सामायिक गॅलरी व कोठे कोठे गच्ची. अशा ठिकाणी भाजीपाला वाढविण्यास मातीविना शेती, म्हणजेच हायड्रोपोनिक्स, ही पद्धत सोयीची ठरते. ती आपल्या देशास नवी नाही. बंगालमधील कालिंपाँग येथे शोल्टो डग्लस यांनी 1946 मध्ये तिचे प्रयोग आरंभिले होते, आणि तेही साध्या, स्वस्त साधनांनिशी. मात्र पावसाळ्याच्या दमट हवेत या बागेस एक उपद्रव होण्याचा संभव असतो. तो म्हणजे रोपांच्या बुडाशी घोटाळणारी बारीक काळी चिलटे.

माती नाही, मग मातीतली कीड आली कोठून, असा प्रश्न साहजिकच पडतो. वस्तुतः या चिलटांना माती नव्हे, तर ओल, बुरशी आणि शेवाळ हवे असते. रोपांना आधार म्हणून वापरलेला नारळाच्या काथ्याचा भुसा सतत भिजत राहिला, की ते सारे त्यांना आयते मिळते. मादी अशा ओलीत शंभरावर अंडी घालू शकते. अळी पांढुरकी, जवळजवळ पारदर्शक असून तिचे डोके काळे व चकचकीत असते. उडणारे चिलट झाडास फारसे अपाय करीत नाही. कोवळी मुळे कुरतडते ती अळी, आणि मूळकुजीचा प्रसारही तिच्यामुळे होतो. अंड्यापासून चिलटापर्यंतचा प्रवास उबदार हवेत 3 ते 4 आठवड्यांत पुरा होतो.

यास्तव केवळ पिवळे चिकट कागद टांगून भागत नाही. त्यांवर चिलटे सापडतात, परंतु अळ्या सुरक्षित राहतात. प्रथम भुशाचा वरचा थर कोरडा ठेवावा; पाणी वरून न ओतता खालून द्यावे. कुंड व नळ्या अपारदर्शक झाकणाने बंद कराव्यात, म्हणजे उजेडाअभावी शेवाळ वाढत नाही. घट्ट बसणाऱ्या झाकणाने डासांचाही शिरकाव थांबतो, हा लाभ मुंबईत थोडाथोडका नव्हे. अळ्या आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी बटाट्याची चकती भुशावर दोन-तीन दिवस ठेवावी. असल्यास त्या चकतीखाली जमतात.

अळ्या आढळल्यास बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस हा जिवाणू उपयोगी पडतो. इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटात 1976 मध्ये तो सापडला, आणि डासांच्या अळ्यांविरुद्धही तो वापरला जातो. खरेदी करताना नाव नीट वाचावे. पाने खाणाऱ्या अळ्यांसाठी याच जिवाणूचा जो दुसरा प्रकार विकला जातो, तो येथे कामाचा नाही. द्रावण भुशावर वेष्टनावरील प्रमाणानुसार द्यावे. अंडी व कोष यांवर त्याचा परिणाम होत नसल्याने दर आठवड्यास, असे तीन-चार वेळा देणे आवश्यक असते. परदेशांत स्टाइनरनेमा फेल्टिए या सूक्ष्म सूत्रकृमींची शिफारस केली जाते. परंतु त्यांना थंडावा मानवतो, आणि मुंबईचा उन्हाळा त्यांना सोसणारा नव्हे.

रासायनिक कीटकनाशक पाण्यात मिसळण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. फिरत्या पाण्यातील आंतरप्रवाही औषध मुळांवाटे पानांत उतरते, आणि पालकाची पाने तर थोड्याच दिवसांत ताटात येतात. फवारणी केली, तर गॅलरीच्या पुढच्या खोलीतील चूल व पाण्याचा पिंपही त्या तुषारांच्या टप्प्यात असतो.

शाळांमधून ही बाग करून पाहिल्यास विद्यार्थ्यांनी दर सोमवारी चिकट कागदावरील चिलटे मोजून वहीत नोंदवावीत. भुसा कोरडा ठेवल्यानंतर आकडा उतरू लागण्यास तीनएक आठवडे लागतात.