जुन्या सदऱ्याला गिऱ्हाईक कसे मिळते?

आज एक सोपा प्रयोग करा. आपले कपाट उघडा आणि गेल्या वर्षभरात एकदाही अंगावर न घातलेले, पण धडधाकट असलेले कपडे मोजा. तुमच्या वयात ही संख्या हमखास मोठी निघते, कारण कापड झिजण्याच्या आत तुमची उंचीच वाढते. हे कपडे टाकाऊ नाहीत. कोणाला तरी ते हवे आहेत. अडचण अशी, की तो ‘कोणी तरी’ कुठे राहतो हे तुम्हाला ठाऊक नाही, आणि तुमच्या कपाटात काय आहे हे त्याला ठाऊक नाही.

अलीकडे मोबाइलवरून जुने कपडे विकण्याची, घेण्याची आणि भाड्याने देण्याची पद्धत जगभर पसरली आहे. लोक असे का करतात? ‘पैसे वाचतात म्हणून’ हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. जुने कपडे पूर्वीही स्वस्तच होते. मग हा व्यवहार आताच का वाढला? त्यासाठी थोडे गणित करावे लागेल.

समजा, तुम्हाला एक सदरा विकायचा आहे. भेटणाऱ्या दहा जणांपैकी एकाला तो मापाने बसेल. बसणाऱ्या वीस जणांपैकी एकाला त्याचा रंग आवडेल. आवडणाऱ्या वीस जणांपैकी एकाला याच आठवड्यात सदरा हवा असेल, आणि अशा पाचांपैकी एकाला तुमची किंमत पटेल. हे आकडे मी अंदाजाने घेतले आहेत. तुम्ही आपले घ्या, रीत तीच राहील. १० × २० × २० × ५ = २०,०००. म्हणजे वीस हजार माणसांत एक गिऱ्हाईक! दोनशे माणसांच्या चाळीत ते मिळण्याची आशा जवळजवळ नाहीच. एक लाख वस्तीच्या गावात अशी सरासरी पाच माणसे असतील, पण ती शोधत दारोदार फिरलात तर सदऱ्याच्या किमतीहून चपलाच जास्त झिजतील. मात्र दहा लाख लोक जी यादी चाळतात, तिच्यात पन्नास गिऱ्हाइके निघतात, आणि माप, रंग, किंमत सांगताच संगणक ती वेचून काढतो. सदरा तोच, माणसेही तीच. स्वस्त झाला तो शोध.

आता सदऱ्याच्या बदल्यात पैसे न घेता दुसरा सदराच घ्यायचा असे ठरवले तर? त्याला तुमचा आवडला पाहिजे आणि तुम्हाला त्याचा. २०,००० ला २०,००० ने गुणा: चाळीस कोटींत एक! विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८७५ साली वस्तुविनिमयाची हीच अडचण मांडली होती. दोघांच्या गरजा एकाच वेळी जुळाव्या लागतात, आणि म्हणूनच पैसा लागतो, असे त्याचे म्हणणे.

आपल्याकडच्या बोहारणीने ही अडचण पैशांशिवाय सोडवली होती. जुने कपडे घेऊन ती भांडी देई. पातेले कोणत्या घराला नको असते? त्यामुळे एका बाजूची जुळणी आपोआप होई. दुसऱ्या बाजूचे कष्ट ती स्वतः उचले: कपडे निवडायचे, धुवायचे, सांधायचे आणि जुन्या बाजारात पोचवायचे. दोन साड्यांवर केवढे पातेले यावरून दारात घासाघीस चाले, आणि आपण फसलो असे दोन्ही बाजूंना वाटे! पण शोधाची मजुरी भांड्याच्या हिशेबात धरलेली असे, हे फार थोड्यांच्या लक्षात येई.

गिऱ्हाईक कुठे दडलेले असेल याचा नेम नाही. १९९५ साली पिएर ओमिड्यार यांनी अमेरिकेत इंटरनेटवर लिलावाची सोय सुरू केली. तीच पुढे ईबे झाली. तेथे पहिल्यांदा विकली गेली ती वस्तू म्हणजे एक मोडकी लेसर दर्शिका. चौदा डॉलर त्र्याऐंशी सेंटांना! ती मोडकी आहे हे कळले आहे ना, असे त्यांनी गिऱ्हाइकाला विचारून घेतले. त्या गृहस्थांना मोडक्या लेसर दर्शिकाच जमवायचा छंद होता.

कपड्यांची गोष्टही अशीच. लिथुआनियातील विल्नियस शहरात मिल्डा मिटकुटे या तरुणीला घर बदलायचे होते आणि कपडे फार झाले होते. २००८ साली तिने युस्टास यानाउस्कास या मित्राच्या मदतीने ते विकण्यासाठी एक संकेतस्थळ उभारले. पुढे व्हिंटेड या नावाने ते युरोपातील अनेक देशांत पसरले. अशा बाजाराची वाढ अणुभट्टीची आठवण करून देते. विक्रेते आले की गिऱ्हाइके येतात, गिऱ्हाइके आली की आणखी विक्रेते. पण क्रांतिक वस्तुमानाखाली साखळी टिकत नाही, तसा थोड्या माणसांचा बाजारही विझून जातो.

संख्या जमली, तरी विश्वासाचे काय? चांगला जुना सदरा ३०० रुपयांचा आणि आतून विरलेला १०० रुपयांचा आहे असे धरा. दोन्ही बाहेरून सारखे दिसतात, म्हणून गिऱ्हाईक मधले २०० रुपये देऊ करते. मग चांगल्या सदऱ्याचा मालक म्हणतो, ‘राहू दे घरातच.’ उरतात ते विरलेलेच. गिऱ्हाईक शहाणे होते, १०० वर येते, आणि चांगला माल बाजारातून नाहीसा होतो. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींचे उदाहरण घेऊन हे दाखवले. २००१ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. याच्यावर तोड म्हणून हल्ली विक्रेत्याला मिळालेले शेरे सर्वांना दिसतात, आणि व्हिंटेडसारख्या ठिकाणी गिऱ्हाइकाचे पैसे मध्येच रोखून ठेवतात. वस्तू हाती पडून तिच्याबद्दल तक्रार नसेल, तरच ते विक्रेत्याला मिळतात. शिवाय एक गोष्ट हिशेबात येत नाही, ती म्हणजे संकोच. ओळखीच्या घरचा वापरलेला कपडा मागायला जीभ रेटत नाही. अनोळखी माणसाकडून तो घेताना तसे वाटत नाही.

भाड्याची गोष्ट तर तुम्हाला स्नेहसंमेलनामुळे ठाऊकच आहे. राजाचा अंगरखा कोणी विकत घेत नाही. ६,००० रुपयांची शेरवानी एकाने तीनदा वापरली, तर दर वापराला २,००० रुपये पडतात. तीच तीस वेळा वापरली गेली, तर दर वेळी २०० आणि वर धुलाई.

मग पाणी, कापूस, रंग यांची बचत होतेच का? पाव किलोच्या एका सुती टी-शर्टमागे, पिकावर पडलेला पाऊस धरून, जागतिक सरासरीने सुमारे अडीच हजार लिटर पाणी लागते. दहा जुने टी-शर्ट विकले गेले म्हणजे पंचवीस हजार लिटर वाचले, असे म्हणण्याचा मोह होतो. येथे पुन्हा जेव्हन्स आडवा येतो! १८६५ साली त्याने दाखवले होते, की वाफेची यंत्रे कमी कोळशात जास्त काम करू लागली, तसा इंग्लंडातला कोळशाचा खप उलट वाढला. स्वस्त झाले की वापर वाढतो. दहा गिऱ्हाइकांपैकी सहा जणांनी ‘स्वस्त आहे, असू दे’ म्हणून खरेदी केली असेल, तर नवे टी-शर्ट फक्त चार टळले: दहा हजार लिटर. विक्रेत्यांनी मिळालेल्या पैशांतून दोन नवे घेतले, तर राहिले पाच हजार. चार घेतले तर शून्य, आणि माल पोचवायला जळालेले इंधन वेगळेच!

हा आकडा वर्गातही काढता येईल. जुना कपडा विकत घेतलेल्यांना विचारा: तो मिळाला नसता तर नवा घेतला असता का? आणि विकणाऱ्यांना विचारा: आलेल्या पैशांचे काय केले? पहिल्या प्रश्नाला आलेल्या ‘हो’ मधून दुसऱ्या उत्तरांतील नवे कपडे वजा करा. शिक्षकांनी नावे न लिहिता चिठ्ठ्या गोळा कराव्यात, म्हणजे उत्तरे खरी येतील.