कोकितो: नारळाला पुढे ठेवणारं नाताळचं पेय

पोर्तो रिकोत नाताळ एका दिवसात उरकत नाही. थँक्सगिव्हिंगला सुरू होतो तो ६ जानेवारीच्या तीन राजांच्या सणानंतरही आठ दिवस चालतो. रात्री-अपरात्री गिटार, माराका आणि गुइरो वाजवत मंडळी ओळखीच्यांच्या दारात येऊन गातात. त्याला ‘पारांदा’ म्हणतात. दार उघडणाऱ्याच्या फ्रिजमध्ये कोकितोची बाटली असावीच लागते. नारळ, आटवलेलं दूध, दालचिनी, जायफळ आणि रम यांचं हे गोड, दाट, थंडगार पेय. मी मूळची देवगडची, राहते फ्लोरिडात ऑर्लँडोजवळ. इथली पोर्तो रिकन वस्ती आधीच मोठी होती, २०१७च्या मारिया चक्रीवादळानंतर ती आणखी वाढली. शेजारच्या आजींकडून मी कोकितो शिकले. दरवर्षी करता करता काही मतं पक्की झाली, ती सांगते.

१. कोकितो नारळाचा आहे, रमचा नव्हे. चव घेताना आधी नारळ, मग मसाला आणि शेवटी घशात रमची ऊब, असा क्रम लागला की जमलं. माझं प्रमाण असं: ४०० मिलीलीटर नारळाचं दूध, क्रीम ऑफ कोकोनटचा एक डबा, साडेतीनशे मिलीलीटर बिनसाखरेचं आटवलेलं दूध आणि कंडेन्स्ड मिल्कचा ४०० ग्रॅमचा डबा. शेवटी चिमूटभर मीठ. ते विसरू नये, त्यानेच नारळ खुलतो. क्रीम ऑफ कोकोनट, म्हणजे गोड नारळी क्रीम, ही पोर्तो रिकोचीच देणगी. तिथले शेतीचे प्राध्यापक रामोन लोपेझ इरिझारी यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास ते डब्यात आणलं. ‘कोको लोपेझ’चा डबा इथे जवळपास प्रत्येक घरात दिसतो. भारतात करणाऱ्यांनी लिटरभर दूध आटवून साडेचारशे मिलीलीटरवर आणावं आणि गोडी कंडेन्स्ड मिल्कने सांभाळावी.

ताजा नारळ खवून कोमट पाण्यात पिळलेलं पहिलं, घट्ट दूध मला डब्यापेक्षा शतपटीने आवडतं. पण ते टिकत नाही. दोन दिवसांत संपणार असेल तरच तो खटाटोप करावा.

२. मसाला अख्खा घ्यावा आणि दुधात उकळून गाळावा. दालचिनीची पूड थेट घातली की ती तळाशी बसते आणि रात्रभरात बुळबुळीत होते. मी आटवलेल्या दुधात दालचिनीच्या दोन कांड्या, चार लवंगा आणि ठेचलेल्या आल्याचा तुकडा घालून मंद आचेवर दहा मिनिटं ठेवते, झाकून पूर्ण गार करते, मग गाळते. लवंग चारापेक्षा जास्त नको. तिच्यातल्या युजेनॉलने जीभ बधिर होते आणि पुढची सगळी चव हरवते.

दालचिनीही पाहून घ्यावी. अमेरिकेतल्या साध्या दुकानात दालचिनी म्हणून मिळतो तो बहुतेक कॅशिया, जाड सालीचा आणि तिखट. खरी दालचिनी कागदासारख्या पातळ पापुद्र्यांची, बोटांनी चुरडता येणारी. लॅटिन अमेरिकन दुकानांत ती मिळते. तिचा गोडसर वास दुधात फार सुंदर उतरतो. जायफळ मात्र उकळायचं नाही, ते वाढताना किसायचं.

इथे मला कोकणची लाखीबाग आठवल्याशिवाय राहत नाही. नारळाच्या सावलीत दालचिनी, जायफळ आणि मिरी लावतात ती बाग. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने दालचिनीची ‘कोकण तेज’ आणि जायफळाची ‘कोकण सुगंधा’ या जाती दिल्या. म्हणजे कोकितोचा नारळ आणि मसाला एकाच वाडीत मिळेल! आणि कॅरिबियनचा नारळही मुळात तिथला नव्हे. सोळाव्या शतकात युरोपीय जहाजांबरोबर तो तिकडे गेला, आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने अटलांटिक किनाऱ्यावरच्या नारळांचं नातं हिंदी महासागरातल्या नारळांशी जुळवलं आहे. हे वाचल्यापासून आजींच्या स्वयंपाकघरात मला परकं वाटत नाही.

३. रम पांढरी, आणि हात आखडता. पोर्तो रिकोच्या रमला तिथल्या कायद्याने किमान एक वर्ष पिंपात मुरावं लागतं. पांढरी रमही मुरते, मग कोळशातून गाळून रंग काढतात. वरच्या प्रमाणाला साडेतीनशे मिलीलीटर रम घातली तर मद्यांश साधारण ८ टक्के होतो, बिअरपेक्षा जास्त आणि वाइनपेक्षा कमी. मी २५० वर थांबते. आपल्याकडची ओल्ड मंक गडद आहे, तिचा व्हॅनिलाचा वास नारळावर चढतो. तीच वापरायची तर दीडशे पुरे.

४. अंडं नको. काही घरांत पिवळा बलक घालतात आणि त्यावरून तिथे घराघरांत वाद आहेत. माझ्या मते नारळाचा दाटपणा पुरेसा आहे. घालायचंच असेल तर दुधात ढवळत ७१ अंश सेल्सियसपर्यंत तापवावं. एवढ्याशा रमने कच्चं अंडं सुरक्षित होत नाही.

५. किमान एक रात्र फ्रिजमध्ये. मसाल्याची आणि रमची धार त्याशिवाय मोडत नाही. सकाळी बाटलीच्या गळ्याशी पांढरा घट्ट थर दिसला तर घाबरू नये. खोबरेल तेल २४ अंशांखाली गोठतं, तेच ते. बाटली थोडा वेळ बाहेर ठेवून जोरात हलवली की सगळं एकजीव होतं. बाटलीचं तोंड रुंद असावं. दोन आठवड्यांत कोकितो संपवावा.

६. पेला लहान, बर्फ नाही. साठ-सत्तर मिलीलीटर पुरेत. गोडीमागे रम लपते आणि पिणाऱ्याला अंदाज येत नाही, म्हणून गाडी कोण चालवणार, हे मी आधीच विचारते. आमच्या मराठी मंडळींच्या मेळाव्यात न पिणारे बरेच असतात, मुलंही असतात. त्यांच्यासाठी बिनरमचा कोकितो वेगळ्या आकाराच्या बाटलीत भरते आणि झाकणाला लाल फीत बांधते. नुसत्या चिठ्ठीवर विसंबू नये, फ्रिजच्या ओलाव्यात ती गळून पडते.

७. बिनरमचा उरला तर भातात घालावा. नाताळात पोर्तो रिकोत ‘आरोझ कॉन दुल्से’ करतात: नारळाच्या दुधात आलं, लवंग, दालचिनी आणि मनुका घालून शिजवलेला गोड भात. आजींनी तो पहिल्यांदा वाढला तेव्हा मला नारळीभातच समोर आल्यासारखं वाटलं. पुढच्या नारळी पौर्णिमेला गुळाचा नारळीभात घेऊन मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी दोन्ही हातांनी डबा घेतला आणि पहिली चौकशी केली ती जायफळाची.